विद्यापीठाचे गेट आणि माझे कॉलेज

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा तीन टप्पे सांगतो. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, १९७९ चा लाँग मार्च आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. या टप्प्यांच्या मधल्या जागेत जळालेली घरे येतात, हुतात्म्यांची नावे येतात, आणि लेख संपतो. मी इतिहासाचा मास्तर. वर्गात मीही कित्येक वर्षे असेच सांगत आलो. पण या इतिहासातला एक मूलभूत प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला, आणि तो कोणत्या ग्रंथाने नव्हे, माझ्या आजीने पाडला. ज्यांनी उभ्या जन्मात शाळेची पायरी चढली नाही अशा माणसांनी एका विद्यापीठासाठी एवढे का सोसावे? त्यांच्या मनात कॉलेज म्हणजे नेमके काय होते? आणि त्यांच्या मनातले कॉलेज आम्हा शिकलेल्यांच्या मनातल्या कॉलेजपेक्षा एवढे मोठे कसे?

प्रश्न माझ्याच घरातला आहे, म्हणून आधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. २००७ साली मी औरंगाबादच्या एका कॉलेजात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या वेळी आम्ही औरंगाबादच म्हणत होतो, तेच येथे ठेवतो.) सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. मग चौघांनी मिळून एक पत्र्याची खोली घेतली. सकाळी कॉलेज, दुपारनंतर मंडपवाल्याकडे काम. खुर्च्या वाहणे, बांबू सोडणे, रात्री उशिरा ट्रक रिकामा करणे. असे असताना सकाळचे कॉलेज हळूहळू सुटत गेले, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या लेखी कॉलेज म्हणजे तीन कागद होते. बोनाफाईड, स्कॉलरशिपचा फॉर्म आणि हॉलतिकीट. हे तीन कागद वेळेवर मिळाले की कॉलेज केले असे मी समजत होतो. वर्गातली भाषा माझ्या घरची नव्हती. शिकवणारे एक सर हजेरी घेताना स्कॉलरशिपवाल्यांची नावे वेगळी वाचत आणि वाचून झाली की, "सरकारचे जावई संपले, आता बाकीचे," असे म्हणत. वर्ग हसे. त्या हसण्यात आमच्यापैकीही काही जण सामील असत. मी हसलो नाही, पण उठून काही बोललोही नाही. मी फक्त जाणे बंद केले. स्कॉलरशिपचे पैसे डिसेंबर उजाडला तरी आले नव्हते. तेवढ्यात ओळखीच्या एका ठेकेदाराने पुण्याच्या बाजूला कंपनीत रोजावर लावतो असे सांगितले. मी होकार देऊन टाकला. जानेवारीत घरी गेलो ते हे सांगण्यासाठीच.

घरी गेलो तर गेटवर जायची तयारी चाललेली. आमच्या भागात 'गेट' म्हटले की दुसरे कोणते गेट कोणाच्या मनात येत नाही. वस्तीवरच्या बायांनी वर्गणी काढून टेम्पो ठरवला होता. आजी म्हणाली, "तू तिथंच ऱ्हातो, तर तूच वाट दाव." मी नाइलाजाने टेम्पोत चढलो. पुण्याची गोष्ट मनातच राहिली.

१४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जे गेले आहेत त्यांना त्या दिवसाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तेथे देव नाही, नवस नाही, प्रसाद नाही. एक कमान आहे. तिच्यापुढे मराठवाड्यातली, विदर्भातली माणसे पांढऱ्या लुगड्यांत, निळ्या टोप्यांत, कडेवर लेकरे घेऊन येतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पुस्तकांची दुकाने लागतात. ज्यांना वाचता येत नाही अशा बाया पुस्तक हातात घेऊन पाहतात, वरचे चित्र पाहतात, किंमत विचारतात आणि घेतात. कोणासाठी? घरात जो कोणी वाचणारा असेल त्याच्यासाठी.

आजीने कमानीच्या खांबाला डोके टेकले. मला ते बरे वाटले नाही. एक वर्षही धड कॉलेज न केलेला मी, मला तेवढ्यात बुद्धिवाद सुचला. म्हणालो, "आजी, दगडाला काय डोकं टेकतीस?"

ती रागावली नाही. म्हणाली, "आमी बाहेरचे, लेकरा. म्हून बाहेरून टेकतो. तू तर आतला हायस. चाल, तुही खोली दाव."

माझे कॉलेज तेथून बरेच लांब होते. मी टाळण्याचा प्रयत्न केला, तिने ऐकले नाही. सुटीचा दिवस. फाटकावरच्या वॉचमनने म्हातारीकडे पाहून आत सोडले. व्हरांड्यात सगळीकडे कुलपे. "कोन्ती खोली?" मी एका खोलीकडे बोट दाखवले. महिनाभर मी कॉलेजात पाऊल टाकले नव्हते, आमचा वर्ग मध्यंतरी दुसरीकडे हलवला होता की काय तेही मला माहीत नव्हते. आजीने खिडकीच्या गजांना धरून आत पाहिले. "तू कितव्या बाकावर बसतो?" म्हणालो, तिसऱ्या. तिने बाक मोजले. तिसऱ्यावर तिची नजर थांबली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग म्हणाली, "फळा लई मोठा हाय."

मी खोटे बोललो होतो आणि तिने ते खरे मानले होते. त्या खिडकीपाशी मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या सरांच्या बोलण्याने कधी वाटली नव्हती.

परतीच्या टेम्पोत तिने जे सांगितले ते त्याआधी घरात कोणी माझ्यासमोर बोलले नव्हते. ७८ च्या ऑगस्टात आमच्या वस्तीला आग लागली, म्हणजे लावली गेली. दाणे जळाले, भांडी वितळली. आजी दोन लेकरांना घेऊन रात्रीतून ज्वारीच्या शेतातून निघाली आणि नातेवाइकांकडे तीन महिने राहिली. माझा बाप तेव्हा सातवीत होता. परत आल्यावर त्याने शाळेचे नाव काढले नाही. दप्तर जळाले होते, आणि शाळेची वाट गावातून जात होती. "पाटीवर बाबाचं नाव लागावं म्हून आमचं घर गेलं," आजी म्हणाली, "अन् तुह्या बापाची शाळा गेली." एवढे बोलून ती गप्प झाली. मला तिने काही करायला सांगितले नाही. ठेकेदाराकडे मी गेलो नाही.

ही माझी गोष्ट येथे संपवतो. कारण माझ्या कॉलेज न सोडण्याला तसे फारसे महत्त्व नाही. त्या दिवसानंतर मी जे वाचू लागलो ते महत्त्वाचे आहे. आजी ज्या पाटीविषयी बोलत होती ती तेथे का हवी होती, हे मला समजून घ्यायचे होते.

प्रथम लक्षात आले ते हे, की विद्यापीठ नंतरचे आहे आणि बाबासाहेब आधीचे. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातले उच्च शिक्षण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे, आणि तेही उर्दू माध्यमाचे. पदवी घ्यायची तर हैदराबादचा रस्ता धरायचा. खेड्यातल्या सवर्ण शेतकऱ्याच्या मुलालाही हे जड होते. मग महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या मुलाची कथा काय सांगावी? १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले. ही सोसायटी ८ जुलै १९४५ ची. तिचे पहिले कॉलेज, मुंबईचे सिद्धार्थ, २० जून १९४६ रोजी सुरू झाले होते. औरंगाबादच्या कॉलेजची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीत हिंदू कोड बिल अडवले जात होते आणि त्याच महिन्यात मराठवाड्याच्या माळरानावर एका कॉलेजचा दगड बसत होता. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ ला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पावणेदोन वर्षांनी. तेव्हा नामांतराची मागणी ही कोणा बाहेरच्याचे नाव आणून चिकटवण्याची मागणी नव्हती. ज्याने या मातीत उच्च शिक्षणाची वाट पाडली त्याचे ऋण नोंदवण्याची ती मागणी होती.

आता त्या कॉलेजच्या नावाविषयी. मिलिंद. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते, आणि त्याचा अर्थ आपण पुरेसा ध्यानात घेतलेला नाही असेही वाटते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेन त्याला अट घालतो, की वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजांच्या रीतीने नको. पंडितांच्या वादात एकाची चूक निघाली तर तो ती मान्य करतो, रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो असहमत होईल त्याला शिक्षा होते. राजा पंडितांची रीत कबूल करतो. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि परिसराला नाव दिले उत्तर देणाऱ्याचे. नागसेनवन. ज्या समाजाला हजारो वर्षे विचारण्याचा अधिकार नव्हता त्याच्या मुलांनी प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाच्या इमारतीत जाऊन बसायचे, ही कल्पनाच केवढी धाडसी आहे! "सरकारचे जावई" हे वाक्य माझ्या वर्गात ज्या रीतीने बोलले गेले ती राजांची रीत होती. तिच्यापुढे मी गप्प बसलो, कारण वर्ग ही प्रश्न विचारण्याची जागा आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

बाबासाहेबांचे स्वतःचे कॉलेज कसे होते? १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. हेच बोले पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणणार होते आणि त्याच ठरावाच्या पाठीवर १९२७ चे महाड उभे राहणार होते. या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे केळूसकरांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशांवर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली बी. ए. झाले. त्या कॉलेजात एका बाजूला पुस्तके आणि कपडे देणारे प्राध्यापक म्युलर होते. दुसऱ्या बाजूला त्यांना चहापाणी द्यायला नकार देणारा हॉटेलवाला होता. एकाच कॉलेजात दोन्ही. कॉलेजचा दरवाजा उघडला म्हणजे आतली जात संपत नाही, हे बाबासाहेबांना सोळाव्या-सतराव्या वर्षीच कळलेले होते. म्हणूनच, असे मला वाटते, पुढे त्यांनी केवळ स्कॉलरशिपा मागितल्या नाहीत. त्याही मागितल्या, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारकडून त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची तरतूद करवून घेतली. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतःची कॉलेजे काढली. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जाणे वेगळे आणि घर आपले असणे वेगळे.

हे घर आपले आहे, ही जाणीव मिलिंदमधून शिकलेल्या पिढीने मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत नेली. माझ्या आजीला मिलिंद राजा माहीत नव्हता. पण "आपल्या बाबाचं कॉलेज" हा शब्दप्रयोग ती करत असे. १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात जो हिंसाचार झाला त्याची कारणे अभ्यासकांनी वेगवेगळी दिली आहेत. शिकलेल्या दलित तरुणांविषयीची असूया, नोकऱ्यांची चुरस, गावातल्या जमिनीचे आणि मजुरीचे संबंध, राजकारण्यांची चिथावणी. हे सगळे खरेच आहे. पण एक विसंगती मला सतत छळते. विद्यापीठ शहरात आणि आग खेड्यात. ज्यांची मुले विद्यापीठात पोचलीही नव्हती त्यांची घरे जाळली गेली. म्हणजे जाळणाऱ्यालाही नेमके कळले होते की पाटीवरचे नाव बदलले तर खेड्यातला महार-मांग मान वर करून बोलू लागेल. एका अर्थाने कॉलेजची ताकद आमच्या शत्रूला आमच्या आधी कळली होती.

४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते. हा लढा एकाच जातीचा होता असे म्हणणाऱ्यांनी हे नाव नीट आठवावे. पुढच्या वर्षी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. चालणाऱ्यांत कितीजणांचा विद्यापीठाशी संबंध होता? शेतमजूर, विडी कामगार, रिक्षावाले, बाया. खडकपूर्णेच्या पुलावर त्यांनी लाठ्या खाल्ल्या. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, नाव आले. तेही 'मराठवाडा' ठेवूनच. नामांतर मागितले होते, नामविस्तार मिळाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ वेगळे झाले. विधिमंडळाच्या एकमुखी ठरावाला अमलात यायला साडेपंधरा वर्षे लागली. लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात हा हिशेब कोठेतरी यायला हवा.

माझे काही शिकलेले मित्र गेटवरच्या गर्दीला नावे ठेवतात. म्हणतात, ही नवी पंढरपूरची वारी झाली, बाबासाहेबांनी विभूतिपूजा नाकारली आणि आपण कमान पुजतो. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. डीजेच्या भिंती आणि पुढाऱ्यांचे फलक पाहून माझेही मन विटते. पण मला विचारावेसे वाटते, की त्या कमानीच्या आत आपण काय केले? बाहेरून डोके टेकणाऱ्याला हसणारे आपण आत बसलेले लोक. आपल्यापैकी कित्येकांनी प्राध्यापकी ही नोकरी मानली, पगार मोजला, घरे बांधली आणि वर्गात जुन्या वह्या वाचून दाखवल्या. वस्तीवरून आलेला मुलगा चार दिवस वर्गात दिसला नाही तर त्याच्या खोलीवर कोण गेले? मी पहिल्या वर्षी महिनाभर गेलो नाही, तेव्हा माझ्याकडे कोणी आले नव्हते. आजी आली, तीही चुकून.

आणि ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांचेही सांगितले पाहिजे. मी नेट झालो, त्यानंतर कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. तासाला मिळणारे पैसे सत्र संपल्यावर, कधी पुढचे सत्र सुरू झाल्यावर हाती येत. माझ्यासारखे, माझ्याहून अधिक शिकलेले कितीतरी जण आजही त्याच अवस्थेत आहेत. स्कॉलरशिपचा फॉर्म आता संगणकावर भरायचा असतो, पण पैसे उशिरा येण्याची रीत तशीच आहे. कमानीवर नाव लागले आणि आतली जागा अशी पातळ होत गेली. हे माझ्या आजीला कसे समजावून सांगायचे, हे मला कधी जमले नाही. २०१६ मध्ये ती गेली. तिसऱ्या बाकाची गोष्ट मी तिला अखेरपर्यंत सांगितली नाही.

आता दर १४ जानेवारीला मी गेटवर जातो. पुस्तकांच्या दुकानांपाशी उभा राहतो. माझे विद्यार्थी आईबापांना घेऊन आलेले असतात, काही ओळख दाखवतात, काही तोंड चुकवतात. मागच्या खेपेला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाची आई माझ्यासमोर आली. ऊसतोडीच्या फडावरून दोन दिवसांची उचल घेऊन आली होती. हातात नुकतेच घेतलेले संविधानाचे पुस्तक. "सर, हा रोज येतो का वर्गात?" तिने विचारले. मुलगा तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे पाहत होता. हजेरीपट मला तोंडपाठ होता. सबंध सत्रात अकरा दिवस.

मी अकरा सांगितले. मुलगा पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी वर्गात आला, आणि फळ्यावरची एक तारीख चुकली आहे असे मागच्या बाकावरून म्हणाला. चुकली होती.